चाकांवरचे बिऱ्हाड

पुण्याहून नगर, मराठवाडा आणि त्यापलीकडे वऱ्हाड-नागपूरकडे जाणारी खुष्कीची वाट येरवड्यावरून जाते. कॅप्टन सेलन नामक लष्करी अभियंत्याने मुळा-मुठेवर बांधलेला आणि १८६९ साली रहदारीस खुला झालेला बंडगार्डनचा दगडी पूल आज वाहनांना बंद असला तरी ह्या वाटेचे वडीलपण अद्याप सांगत उभा आहे. आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी अंमलाखाली प्रवासी वाहतूक सुरू झाली तेव्हा १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी धावली तीही पुणे-अहमदनगर ह्याच मार्गावर. सणाला लागून शनिवार-रविवार आले, की पर्णकुटी चौकापासून शास्त्रीनगर, खराडी, वाघोलीपर्यंत ह्या वाटेवर वाहनांची जी रीघ लागते, तीत एस. टी.च्या लाल गाड्या, खाजगी ट्रॅव्हल्स, टपावर सायकल बांधलेल्या मोटारी आणि दुचाकीवर तीन जीव बसवून निघालेली धाडसी कुटुंबे असा सारा लवाजमा असतोच. अलीकडे त्यात एक नवा प्रकार क्वचित् दृष्टीस पडू लागला आहे. बाहेरून पाहता ती साधी उंच छपराची, लांबट गाडी. परंतु खिडकीचा पडदा सरकला तर आत निजण्याचा पलंग, भांडी घासण्याचे कुंड, शेगडी, लहानसे शीतकपाट आणि एका कोपऱ्यात, ज्याचा उल्लेख पूर्वीचे लेखक टाळीत असत ते, शौचकूपही दिसावे. हिला कोणी कॅम्परव्हॅन म्हणतात, कोणी कॅराव्हॅन. येरवडा, कल्याणीनगर, खराडी ह्या बाजूस नोकरीनिमित्त स्थायिक झालेली, आणि ज्यांचे आईवडील वर्धा, अमरावती वा नांदेडच्या अंगाला आहेत अशी कुटुंबे सुट्टीपुरती ती भाड्याने घेऊ लागली आहेत.

असे वाहन घेण्यामागची कल्पना स्वातंत्र्याची असते. ट्रॅव्हल्सवाल्याच्या भाड्याची चिंता नको (खाजगी बसने एस. टी.च्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये असा शासनाचा २०१८ चा निर्णय असला, तरी सणासुदीला तो प्रवाशालाच आठवून द्यावा लागतो), ढाब्यावरच्या मोरीची किळस नको, आणि घर बरोबरच असल्यामुळे कोणाच्या मिनतवाऱ्या नकोत, असा तो हिशेब. मला मात्र ह्या वाहनाचा जितका विचार करावा तितके उलटेच दिसत जाते. चालत्या घरासारखे परावलंबी घर दुसरे नाही. ते उभे राहील तेथे त्याला सपाट जमीन, गोडे पाणी, विजेचे बटण आणि सांडपाण्याला वाट हवी असते. ही तजवीज आधी कोणी करून ठेविली असेल तरच त्याचा डौल टिकतो. आणि आपल्या मुलुखात ही तजवीज आजमितीस सर्वांत चोख कोठे असते, तर नातेवाइकांच्या अंगणात.

जुन्या स्वाऱ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. मोगल बादशहाच्या स्वारीबरोबर डेऱ्यांचे दोन संच असत. एका मुक्कामी बादशहा विश्रांती घेत असता दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही, आणि ह्या आघाडीच्या सरंजामास पेशखाना म्हणत. बादशाही गेली, पण रीत गेली नाही. ज्येष्ठ वद्यात आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी विश्रांतवाडी-फुलेनगरच्या रस्त्याने, म्हणजे येरवड्याच्या कुशीतूनच, पुण्यात येते, तेव्हा टाळकऱ्यांच्या मेळ्याइतकाच प्रेक्षणीय भाग म्हणजे त्यांच्या पुढे-मागे चालणारे दिंड्यांचे ट्रक. ताडपत्रीखाली पिठाची पोती, कढया, पातेली, राहुट्यांचे बांबू आणि नाव लिहून गुंडाळलेल्या शेकडो वळकट्या. दिंडी पायी पोचण्याआधी ट्रक मुक्कामी पोचलेला, राहुट्या ठोकलेल्या, चूल पेटलेली आणि पाण्याच्या टँकरची व्यवस्था झालेली. आपल्याकडे फिरत्या घराची कल्पना परकी आहे असे ज्यांस वाटते त्यांनी आषाढीच्या सुमारास तासभर रस्त्याच्या कडेला उभे राहावे.

हौसेखातर चाकांवर घर बांधण्याचा आरंभ मात्र इंग्लंडातला. आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स ह्यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाचा एक लाकडी रथ बांधून घेतला, त्याला दोन घोडे जोडले आणि त्यातून सुमारे तेराशे मैलांची सफर करून ते स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. ह्या सफरीत त्यांचा एक चाकर तीनचाकी सायकलवर बसून पुढे धावत असे, वाटेतल्या वाहनांना सावध करी आणि मार्ग मोकळा आहे की नाही ते पाही. आणि रात्र पडली, की ह्या स्वयंपूर्ण म्हणविणाऱ्या रथाला एखाद्या खानावळीचे आवार किंवा शेतकऱ्याचे कुरण शोधणे भाग पडे. पुढे १९५१ च्या सुमारास जर्मनीत फोक्सवॅगनच्या लहान बसमध्ये वेस्टफालिया ह्या कारखान्याने पलंग-कपाटांचा सरंजाम बसवून दिला आणि मध्यमवर्गीय कुटुंबांना हे वेड परवडू लागले. आपल्याकडील पुष्कळ कॅम्परव्हॅनांच्या बुडाशी पुण्याच्याच कंपनीची वस्तू असते: आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोची, ‘ट्रॅव्हलर’ ही गाडी.

कोणत्याही गाडीत गादी टाकली म्हणजे मोटार-कॅराव्हॅन होत नाही. नियमाच्या दृष्टीने तीत बसण्याची आसने व टेबल, निजण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची कपाटे ही चारही हवीत आणि ती गाडीतील राहण्याच्या भागाला पक्की जखडलेली हवीत. सवलत काय ती टेबलापुरती, ते काढघालीचे असले तरी चालते. ह्या वाहनांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक असून अशी मानके प्रसिद्ध करणारी ‘एआरएआय’ ही संस्था आपल्याच कोथरूडच्या टेकडीवर आहे. जुनी गाडी घेऊन ओळखीच्या सुताराकडून आत फर्निचर ठोकून घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपत्रातील वर्णनाला बाध येईल असा फेरफार परवानगीवाचून करता येत नाही, आणि असा फेरफार दडवून ठेविला तर अपघातानंतर विमा कंपनीला नकाराचे आयतेच कारण मिळते. चालकासह भाड्याने घेतलेली गाडी असेल तर तिची पाटी पिवळी आहे ना, एवढे तरी पाहावे.

आतली रचना पाहण्यासारखी असते. दिवसा समोरासमोरची दोन बाके, मध्ये टेबल. रात्री टेबलाचा पाय काढून फळी बाकांच्या कडांवर टेकवावयाची, पाठीच्या गाद्या तीवर पसरावयाच्या, की दुहेरी पलंग तयार. प्रत्येक कपाटाच्या दाराला दाबून बंद होणारी कळ असते, कारण साध्या खिट्टीचे दार पहिल्याच गतिरोधकावर उघडून साखरेचा डबा प्रवाशांच्या डोक्यावर येतो. येरवड्याला ही घडीची विद्या नवी नव्हे. येथल्याच कारागृहात १९३० साली गांधीजी ज्या पेटीवजा चरख्याच्या सुधारणेत गुंतले होते, तो पुढे येरवडा चक्र ह्या नावाने देशभर गेला. अवजड वस्तू हातात धरून नेण्याजोगी करावयाची, तर तिचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाच्या पोटात शिरला पाहिजे, हा नियम दोहोंकडे एकच आहे.

परंतु ह्या घराची परीक्षा होते ती पाण्याच्या हिशेबात. टाकी शंभर लिटरांची धरा आणि माणसे चार. पिण्यास व स्वयंपाकास माणशी चार लिटर लागतात म्हणजे सोळा, हातपाय-तोंड धुण्यास, नळ बारीक सोडण्याची शिस्त सर्वांनी पाळली तर, माणशी पाच म्हणजे वीस, भांड्यांना पंधरा. एक्कावन्न लिटर येथेच संपले, आणि ह्यात स्नान नाही. पंधरा लिटरांची एकेक बादली प्रत्येकाने घेतली, तर साठ लिटर आणखी, म्हणजे एका दिवसात टाकी कोरडी होऊन वर अकरा लिटरांची उसनवारी. घरी नळ मोकळा सोडून दात घासणाऱ्या मंडळींना ही गणिते प्रवासाच्या पहिल्या सकाळीच येऊ लागतात. आमच्या आजोबांच्या पिढीला ती फिरकीच्या तांब्याने शिकविली होती. पुन्हा, आलेले पाणी जाते कोठे? कुंडाखाली सांडपाण्याची दुसरी टाकी असते आणि पहिली ज्या वेगाने रिकामी होते जवळजवळ त्याच वेगाने ती भरते. शौचकूपाखालची सुटी पेटी साधारण वीस लिटरांची. चार माणसांना ती दीड-दोन दिवस पुरते, मग बाहेरून लहान दार उघडून, ओढून, चाकांवर लोटीत एखाद्या खऱ्या शौचालयापर्यंत नेऊन रिकामी करावी लागते. हे काम कोणाचे, ह्याचा निर्णय कुटुंबाने येरवडा सोडण्यापूर्वीच केलेला बरा.

पाण्याचा दुसरा गुण म्हणजे ते जड असते. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, शिवाय ते डुचमळते. म्हणून टाकी शक्यतो फरशीखाली, दोन्ही आसांच्या मधोमध बसवितात. जड वस्तू उंचावर गेली, की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर तिचा कल वाढतो. नगर सोडल्यावर छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर इमामपूरचा घाट लागतो. सह्याद्रीच्या घाटांपुढे तो काहीच नव्हे, परंतु टपावर सामान रचलेली कॅम्परव्हॅन त्याच्या उतारावर जेव्हा बाहेरच्या अंगाला झुकते, तेव्हा आत बसलेल्याला हा सिद्धांत पुस्तकावाचून कळतो. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नये, तो तापून निकामी होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा शिरस्ता जड गाडीला आजही लागू आहे.

विजेचा हिशेब पाण्याहून कठोर, कारण ती दिसत नाही. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे चोवीसशे वॅट-तास. परंतु ती शिशाची असेल तर निम्म्याखाली उतरविल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणजे हाती बाराशे. त्यांत शीतकपाट दिवसाकाठी पाच-सहाशे घेते, रात्रभर पंखा दोनशे, दिवे-मोबाईल शंभर-दीडशे. एवढ्यावर संसार सुखाने होतो. मात्र जावईबापूंनी उकडते म्हणून हजार वॅटचा वातानुकूलक लावला, की तीच बॅटरी जेमतेम तासभर टिकते. टपावर सौरपट्टी असल्यास शंभर वॅटच्या पट्टीमागे स्वच्छ उन्हात दिवसाला चारशे वॅट-तासांच्या आसपास जमा होतात. म्हणून गाडी सावलीत उभी करावी की उन्हात, ह्यावर चालक व प्रवासी ह्यांचे कधीच एकमत होत नाही. गॅसविषयी एकच सांगतो: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर वर उडून जात नाही, फरशीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवे आणि ते सामानाने बुजलेले नसावे. शेगडी पेटवताना खिडकी उघडी हवी, आणि गाडी चालू असता शेगडी बंद हवी. चालत्या गाडीत पलंगावर निजणेही तितकेच वर्ज्य, मग ते कितीही मोहक वाटो. पट्टा बांधून आसनावर बसलेला मनुष्य आणि मोकळा निजलेला मनुष्य ह्यांची अचानक ब्रेक लागल्यावर जी गत होते तीत महदंतर आहे.

संभाजीनगराजवळ समृद्धी महामार्गाला लागले, की प्रवासाची जातच बदलते. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. सरळ, काँक्रीटचा, एकसुरी रस्ता. वळण नाही, गाव नाही, रस्त्यात बसलेली म्हैसही नाही. अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही चालकाचे अवधान हरपते आणि झिजलेले, कमी हवेचे टायर तापून फुटतात. कॅम्परव्हॅनवाल्याला येथे एक जादा मोह असतो: झोप आली, पलंग मागेच आहे, मग कडेला उभे राहून पडावे. हे कदापि करू नये. महामार्गाची कड ही निजण्याची जागा नव्हे. अंधारात उभ्या वाहनावर मागून आदळण्याचे प्रकार तेथेच घडतात. महामार्गावरून बाहेर पडणारा रस्ता घेऊन, पेट्रोल पंप किंवा विश्रामस्थळ गाठूनच थांबावे.

आणि येथेच मूळ प्रश्न पुढे येतो, की थांबावे कोठे? युरोपात अशा गाड्यांसाठी जागोजाग तळ असतात. तेथे नळ, विजेची खुंटी आणि मैलापाणी ओतण्याचे नेमके ठिकाण मिळते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि असे तळ उभारण्यास उत्तेजन देण्याचे ठरविले, ही इष्टच गोष्ट. परंतु नगर-संभाजीनगर-जालना-वर्धा ह्या वाटेने सासुरवाडीला निघालेल्या कुटुंबाला आज आधार आहे तो ओळखीच्या ढाब्याचा, देवस्थानाच्या भक्तनिवासाचा, आणि सरतेशेवटी मुक्कामी पोचल्यावर अंगणाचा. ज्यांच्यापुढे अंगण आहे, आडावर वा बोअरवर मोटर आहे आणि परसात संडास आहे, अशी आपल्याकडील गावची जुनी घरे म्हणजे अजाणता तयार झालेले कॅराव्हॅनचे तळच होत. पर्यटनासाठी ही गाडी घेऊन कोकणच्या अरुंद किनाऱ्यावर जागा शोधीत हिंडणाऱ्यांपेक्षा, भाऊबिजेला बहिणीच्या दारी जाणाऱ्याला ती अधिक मानवते, ती ह्यामुळे.

अंगणाचेही नियम आहेत. शौचकूपाच्या पेटीत दुर्गंधी मारण्यासाठी जे रसायन घालतात त्याच्या काही प्रकारांत फॉर्मल्डिहाइड असते आणि ते सर्व जिवाणूंचा संहार करते. गावच्या घराची सेप्टिक टाकी तर जिवाणूंच्याच जिवावर चालते. तेव्हा असले रसायन यजमानांच्या टाकीत ओतणे म्हणजे पाहुणचाराची विपरीत परतफेड होय. विकरांवर चालणारी सौम्य द्रव्ये मिळतात, ती वापरावीत. विजेचे तसेच. ओटीवरचे साधे बटण पाच अँपिअरचे, म्हणजे फार तर साडेअकराशे वॅट. त्यावर गाडीचा चार्जर आणि गीझर एकदम लावले, की ऐन फराळाच्या वेळी घर अंधारात जाते. गुंडाळीवरची तार पूर्ण उलगडून वापरावी, गुंडाळलेली तापते. आणि अर्थिंग पाहावे. रबरी टायरांवर उभी असलेली लोखंडी गाडी जमिनीपासून अलग असते; आत कोठे विजेची तार पत्र्याला लागली आणि घराला अर्थिंग नसले, तर सडा घातलेल्या ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून जो प्रथम दाराच्या मुठीला हात लावील त्याच्यातून वीज जमिनीत जाते. विजेची गळती तीस मिलिअँपिअरवर जाताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी गाडीत असणे हे पडदे आणि गाद्यांहून महत्त्वाचे आहे, आणि भाड्याची गाडी पाहण्यास गेलेले लोक नेमके त्याविषयी विचारीत नाहीत.

हे सारे साधले तरी एक अडचण उरते, आणि तिला यंत्र नाही. पाहुणा दारात आला आणि आपल्याच गाडीत निजला, हे आपल्या रीतीत बसत नाही. “घरात एवढ्या खोल्या रिकाम्या पडल्या असताना तुम्ही मोटारीत का निजायचं, जावईबापू?” असे सासूबाईंनी विचारले, की वातानुकूलकापासून वळकटीपर्यंतचे सारे युक्तिवाद संपतात, शेजारच्या आळीत उद्या काय बोलले जाईल हेही त्या प्रश्नात अंतर्भूत असते. मग तडजोडी निघतात. मोठी माणसे माजघरात, आणि गाडीत वरच्या पलंगासाठी भांडणारी चार मुले. भाड्याच्या गाडीबरोबर आलेल्या ड्रायव्हरचे ताट पंगतीत मांडले जाते आणि त्यालाही ओसरीवर गादी मिळते, जी व्यवस्था गाडी देणाऱ्याच्या कोणत्याही करारनाम्यात लिहिलेली नसते. गाडीचा खरा उपयोग पाहावयाचा असेल, तर गुडघ्यांनी गांजलेल्या आजींना विचारावे. एस. टी.त दर तासाला उतरणे शक्य नाही म्हणून ज्यांनी लेकीच्या पुण्याच्या बिऱ्हाडी जाणे कधीचे सोडून दिले होते, त्या सणानंतर ह्याच गाडीतून नातवंडांबरोबर येरवड्याला येण्यास राजी होतात, कारण शौचकूप चार पावलांवर आहे.

परतीच्या तयारीत पाण्याची टाकी अर्धीच भरावी. पन्नास किलोंची ती सवड लागणार असते. कारण गाडी निघण्याच्या क्षणी, नको नको म्हणत असता, मागच्या दारातून तुरीच्या डाळीचा कट्टा, संत्र्यांची पेटी, ज्वारी, सांडग्या-पापडांचे डबे आणि फडक्यात बांधलेली चकल्यांची बरणी आत सरकविली जाते. हे सामान टपावर न टाकता मागच्या आसाच्या पुढे, फरशीवर, दोन्ही बाजूंना सारखे वाटून ठेवावे, आणि वाढलेल्या वजनाच्या मानाने टायरची हवा पहिल्याच पंपावर पाहून घ्यावी.